गाल लावून पाहणारे मिस्त्री

मोटारीचं दार उघडलं की मिस्त्री आधी टोपी काढत, गुडघ्यांवर बसत आणि सीटवर गाल टेकवत. डोळे मिटलेले. नवख्याला वाटावं, उन्हातून आलाय बिचारा, डुलकी लागली. थोड्या वेळानं उठून ते चामड्यावर थोपटत आणि निकाल देत, "अजून तहान हाय याले."

सत्तरच्या दशकातलं नागपूर. सदर भागातल्या ज्या गॅरेजात मी इंजिनं उघडायचो, तिथंच मागच्या शेडमध्ये ते सीटा दुरुस्त करायचे. इंग्रज जाताना विकून गेले त्या दोन सीटच्या, उघड्या टपाच्या ऐटबाज मोटारी तेव्हा शहरात चार-दोन होत्या. आमचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. त्या उन्हात विलायती चामडं पापडासारखं तडकायचं. लोक म्हणत, काढून टाका, रेक्झीन लावा. मिस्त्रींना तो शब्दही खपत नसे. "ते पलंगावर टाका, लेकरू मुतते तिथं," म्हणायचे.

त्यांची रीत सावकाशीची. कोमट साबणपाण्यानं मळ काढायचा, तडा गेला तिथं आतून पातळ कातडं चिकटवायचं, मग एरंडेल आणि मेण चिंधीनं चोळत राहायचं. मधूनमधून गाल.

चहा मात्र ते उकळता प्यायचे. आम्ही पेला रुमालात धरायचो आणि हे मुठीत धरून गप्पा मारायचे. "मिस्त्री, तुमचं कातडं मोटारीच्या सीटहून जाड आहे," मी एकदा म्हणालो. सगळे हसले, तेही हसले. संध्याकाळी शेडमागे बोलावून त्यांनी मला हात दाखवले. बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या.

"महारोग होता गा. दवाखान्यातल्या गोळ्या खाल्ल्या, बरा झालो. डाक्टर म्हणे, आता कोणाले लागत नाही. पण बोटाचं समजणं गेलं ते गेलंच. गालाले तेवढं समजते." मग हळूच म्हणाले, "लोकाले कळलं तर सीटले हात लावू देते का कोणी मले?"

मी कोणाला बोललो नाही.

त्या उन्हाळ्यात सावनेरकडच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठनं आम्हा दोघांना सिव्हिल लाइन्समधल्या त्याच्या बंगल्यावर बोलावलं. मोटार त्याच्या वडिलांनी एका गोऱ्या साहेबाकडून घेतलेली. इंजिन माझ्याकडे, सीटा मिस्त्रींकडे. सीटा अशा उजळल्या की शेठ बायकोला बोलावून दाखवायचा, मिस्त्रींना बसायला खुर्ची द्यायचा. मिस्त्री इतके खुशीत मी आधी कधी पाहिले नव्हते.

शेवटच्या कडेची शिवण चालली होती. शेठ शेजारीच उभा. उन्हात ठेवू नका, तेल देत जा, असं मिस्त्री त्याला समजावत होते आणि बोलता बोलता चामडं शिवायची आरी त्यांच्या बोटात पार शिरली. बोलणं थांबलं नाही. सायीच्या रंगाच्या चामड्यावर रक्त टपकलं, तरी ते तेलाबद्दलच सांगत होते.

"मिस्त्री, दुखत नाही तुम्हाला?" शेठनं विचारलं.

मिस्त्रींनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बधिर बोट म्हणजे काय, हे आमच्याकडे तेव्हा कोणाला सांगावं लागत नसे. शेठ मागे सरला. मी गोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. "जा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री बंगल्यावरच राहिलेली आपली हत्यारं आणायला निघाले. मीही गेलो. बंगल्याचं फाटक बंद होतं. आत आवारात ड्रायव्हर काठीनं जाळ सारखा करत होता. दोन्ही सीटा पेटलेल्या, आणि हत्यारांची लाकडी पेटी त्यांच्यावरच ठेवलेली. असा राग मला आयुष्यात पुन्हा आला नाही. मी ओरडलो, शिव्या घातल्या. ड्रायव्हरनं मान वर केली नाही.

मिस्त्री फाटकाचे गज धरून बघत होते. "तेल चांगलं मुरलं होतं," ते म्हणाले. "म्हणून पेटून राहिलं एवढं."

मी फाटक हलवायला गेलो आणि हात झटकन मागे घेतला. भर दुपारचं लोखंड, बोट टेकववत नव्हतं. मिस्त्री तर कधीचे धरून उभे होते. मी त्यांची मनगटं धरून हात ओढून काढले. दोन्ही तळव्यांवर फोड उठले होते.

"काहून ओढून राहिला गा?" त्यांनी विचारलं.