पत्र्यावरचा दगड

आमच्याकडं पत्र्याच्या घरावर दगड ठेवतात, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. पण वारा खरोखर सुटला की पत्रा उचलला जातो आणि दगड घरात येतो. दोन वर्षांपूर्वीच्या अवकाळी वादळात तो भाकरी थापत बसलेल्या माझ्या आईच्या खांद्यावर आला. तेव्हापासून तिचा उजवा हात वर जात नाही. वेणी घालायला शेजारीण लागते. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

यंदा धाकट्या भावानं नव्या दोन खोल्या काढल्या. पत्रे घ्यायला तो वाशीला, माझ्या सासरच्या गावी आला, तेव्हा मी घरची कामं टाकून मुद्दाम दुकानात जाऊन उभी राहिले. गडी तासभर निळा घ्यावा की लाल, एवढंच बघत होता. पत्र्याची जाडी विचारली नाही. पत्रा खालच्या अँगलला आवळून धरणाऱ्या हुकांचं मी नाव काढलं, तर माझ्यावरच खेकसला.

"अक्का, तुला काय कळतंय त्यातलं? जेवढे हूक तेवढी भोकं. घर गळंल की!"

म्हणजे याला गळतीची भीती, आईच्या डोक्याची नाही! दुकानदारानंच रबरी वायसर दाखवले, हुकाखाली घातले की पाणी येत नाही म्हणाला. हूक आणि वायसर पिशवीत पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

पंचमीला माहेरी गेले. पत्रे निळे, हूक सगळे मारलेले. आणि आईच्या खोलीवर ओळीनं दगड! ती खोली पश्चिमेची, वाऱ्याच्या तोंडाची. तिच्या बाजेच्या बरोब्बर वर तोच, तिच्या खांद्यावर पडलेला, काळा, चपटा.

"हा कुणी ठेवला?"

"म्याच दिला काढून," आई म्हणाली. "चांगला बसतो त्यो. हुकाचा काय भरवसा?"

तिच्यावर ओरडू तरी कशी? भाऊ दारात उभा राहून हसत होता. "ऱ्हाऊ दे की अक्का. आता काय व्हत न्हाय." माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी आईची बाज ओढत त्याच्या खोलीत नेली. त्याचा पलंग ओढत आणून त्या काळ्या दगडाखाली लावला.

"आजपासून तू इथं निजायचं."

त्यानं वर बघितलं. हसू गेलं. चहा उकळायच्या आत शिडी लागली आणि एकूण एक दगड खाली उतरला.