बारा मिनिटांची नोकरी

वहिनी सात वाजता यायच्या, बाकीचे आठला. कारखाना म्हणायचा, पण होती ती एक लांबट खोली. तिच्यात कॉलरमागे शिवतात ती लेबलं विणणारा एकच माग, आणि टोकाला काचेच्या दाराची कोंदट केबिन. केबिनमध्ये कॉम्प्युटर. कुठला धागा कधी उचलायचा हे मागाला तो सांगायचा. त्यासाठी त्याच्या आत हातभर लांब एक कार्ड बसवलेलं होतं, आणि ते नव्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं. म्हणून पिवळ्या पडलेल्या डब्याचा आणि पाठीला कुबड असलेल्या पडद्याचा हा कॉम्प्युटर बावीस वर्षं तिथेच होता. मागावरचा लंबू त्याला म्हातारी म्हणायचा.

"उठली का म्हातारी?" आठला आत शिरताना तो विचारायचा.

"उठली. चहा मागतेय."

"तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. सासू बरी हिच्यापेक्षा."

वहिनी हसायच्या. त्या हसण्यात थोडी भीती असायची, पण ती कुणाला दिसायची नाही.

कॉम्प्युटर आधी त्यांचे यजमान चालवायचे. मालक त्यांना भाऊ मानायचे, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. नऊ वर्षांपूर्वीच्या थंडीत यजमान अंथरुणाला खिळले, आणि उशीवरून मान न उचलता त्यांनी बायकोला काम शिकवलं. सकाळी थंड असला की कॉम्प्युटर सुरू होत नाही. पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पडदा काळाच राहतो, मग सगळंच बंद पडतं. डाव्या बाजूचं झाकण काढायचं. हेअर ड्रायर वीतभर लांब धरायचा, खालच्या कोपऱ्यावर. थंडीत बारा मिनिटं, उन्हाळ्यात चार. झाकण लावायचं आणि मगच बटण दाबायचं.

"आणि कुणाला सांगायचं नाही."

"का पण?"

"सांगायचं नाही म्हटलं ना."

ते गेल्यावर तेराव्या दिवशी वहिनी काम मागायला आल्या; तोवर माग बंदच होता. मालकांनी त्यांना दारातच थांबवलं आणि आत जाऊन बटण दाबून पाहा म्हणाले. ते नुसते मागे उभे राहणार होते. वहिनींनी त्यांना पाणी आणायला पाठवलं, मग चष्मा शोधायला, मग हिशेबाची जुनी वही आणायला. मालक परत आले तेव्हा पडदा उजळलेला होता. नोकरी मिळाली.

सुरुवातीला काम पुष्कळ होतं. नक्षी निवडायची, मागाकडे पाठवायची, विणून आलेली पट्टी कात्रीने कापून लेबलं सुटी करायची. मग कापायचं यंत्र आलं. नक्षी पाठवणं लंबू बघून बघून शिकला. मालक थकले, मुलीच्या हाती कारभार आला. सगळे तिला ताई म्हणत. ताई कुणाला काढणाऱ्यांतली नव्हती, पण रिकामा बसलेला माणूस तिला दिसायचा. वहिनी दिवसभर लेबलांच्या कडेचे धागे वेचत बसायच्या. ते नाही वेचले तरी चाललं असतं. दिवसातली बारा मिनिटं तेवढी त्यांची उरली होती, आणि पगार त्या बारा मिनिटांचा होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्यांना ताप आला, चांगला तीन दिवस. लंबूने पहिल्याच सकाळी चाळीस वेळा बटण दाबलं, डब्यावर थापा मारल्या, हातही जोडले. माग तीन दिवस गप्प राहिला आणि एक गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. चौथ्या दिवशी वहिनी भिंत धरत आल्या आणि आठला माग चालू झाला. ताईने दुरुस्तीवाल्याला फोन केला.

तो अकराला आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर ढकललेला. म्हातारी तेव्हा मजेत चालत होती. मागावर माल होता, बंद करता येत नव्हतं.

"ह्याला काय झालंय?" तो म्हणाला. "माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"सकाळी सुरू होत नाही हो, काका," ताई म्हणाली. "वहिनी असल्या तरच होतो."

"मग वहिनींनाच दुरुस्त करावं लागेल." तो स्वतःच हसला. मग ताईचा चेहरा बघून थांबला. "हे बघा, जुना माल आहे. बिघाड समोर दिसल्याशिवाय मी काय करणार? चालतोय तोवर चालवा."

"असं टांगणीला लागून नाही जमत मला." ताईने मागाकडे पाहिलं. "हातातला माल संपला की माग भंगारात. छापील लेबलं बाहेरून घेऊ. लंबू, तुझं काय करायचं ते बघू आपण."

लंबूने मान हलवली. मागाच्या आवाजात तो उगाच एक न तुटलेला धागा तपासत राहिला.

वहिनी धागे वेचत होत्या. गप्प राहिलं तर चार-सहा आठवडे मिळणार होते, मग लंबूसकट सगळंच जाणार. बोललं तर म्हातारी राहील, माग राहील, लंबू राहील. त्यांनी हातातला धागा बोटाला गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. ताईचा फोन वाजला, ती बाहेर गेली. दुरुस्तीवाला पिशवी उचलत होता.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "उद्या सातला या. थंड असताना बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेअर ड्रायर काढला नाही. दुरुस्तीवाल्याने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच राहिला, मग सगळं बंद. तीनदा तसंच.

"मग तुम्ही काय करता?"

वहिनींनी झाकण काढून कोपरा दाखवला आणि सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सांगत होत्या, म्हणून शब्द मागेपुढे होत होते. त्याने बॅटरीचा झोत आत टाकला. मोठ्या हिरव्या पट्टीवर औषधाच्या कॅप्सूलएवढी पाच-सहा नळकांडी ओळीने उभी होती. त्यांची डोकी फुगून वर आली होती.

"कपॅसिटर. आतून सुकलेत. गरम केले की थोडा वेळ जीव येतो, मग मशीन आपल्याच उष्णतेवर दिवस काढतं." त्याने चष्मा खाली ओढला. "ही डोकी सपाट असतात."

"मला वाटलं, अशीच असतात."

"तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"घरच्यांनी. हे चालवायचे ना आधी."

"त्यांना ह्यातलं कळायचं?"

"घरी रेडिओ दुरुस्त करायचे. सगळ्या आळीचे."

दुरुस्तीवाल्याने पट्टी सोडवून टेबलावर घेतली, फुगलेली नळकांडी एकेक करून उपटली, नवी बसवली. कथलाचा डाग देताना पातळ धूर निघत होता. वहिनी त्या उपटलेल्या नळकांड्यांकडे पाहत बसल्या. रेडिओतली अशीच खराब नळकांडी यजमान खिडकीत ठेवायचे. तासाभराचं काम होतं हे, आणि त्यांना येत होतं. त्यांनी ते केलं नव्हतं. आधी स्वतःची नोकरी टिकावी म्हणून केलं नसेल. शेवटच्या त्या थंडीत मात्र स्वतःसाठी नाही.

त्यांच्याजवळ बायकोला ठेवून जाण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"रडू नका," दुरुस्तीवाला खाली बघतच म्हणाला. "आता दहा वर्षं बघावं लागणार नाही."

आठला लंबू आला. वहिनींनी त्यालाच बटण दाबायला सांगितलं. पडदा एका दमात उजळला. लंबू म्हणाला, "आयला, माझंही ऐकायला लागली," आणि मग वहिनींचा चेहरा बघून मागाकडे वळला.

ताईने आधी सांगितलं, आता आठला आलात तरी चालेल. दोन आठवड्यांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. "तुम्हाला असं नुसतं बसवून ठेवणं मलाच बरं वाटत नाही, वहिनी." तिने दोन पगार जास्तीचे दिले. ती वाईट नव्हती.

शेवटच्या दिवशी कारखान्याची किल्ली वहिनींनी लंबूकडे दिली. त्याने ती खिशात घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली.

"काही अडलं की बोलावतो तुम्हाला."

"अडणार नाही. काम चांगलं केलंय दुरुस्तीवाल्यांनी."

गल्लीच्या वळणापर्यंत मागाचा आवाज ऐकू येत होता. तो इतक्या लांब येतो हे वहिनींना माहीत नव्हतं. माग चालू असताना त्या नेहमी आतच असायच्या.