माझं दुखणं मीच सांगितलं

लग्न होऊन मी धाड गावाहून मेहकरला आले तेव्हा यांचं बोलणं गावात नावाजलेलं होतं. कॉलेजात शिकवायचे. कुणाचाही सत्कार असो, माईक यांच्याच हातात. घरी मात्र मी भाजीवाल्याशी भाव केला तरी, "तुले काय समजते त्यातलं?" पाहुण्यांनी मला काही विचारलं की माझ्याऐवजी उत्तर हेच द्यायचे आणि मी चहाचा ट्रे घेऊन हसत उभी. हुशार माणसाची बायको असल्याचा मला अभिमानच होता.

मागच्या हिवाळ्यात उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. बुलढाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतं?"

"विशेष काही नाही," हे म्हणाले. "हिला जरा कुरकुर करायची सवय आहे."

बाईंची नजर माझ्यावरच होती. "मी त्यांना विचारलं, सर."

मी तोंड उघडलं, पण सवयीनं यांच्याकडे पाहिलं. खांदा माझा, आणि काय सांगायचं ते मी यांच्या चेहऱ्यावर शोधत होते! माझीच मला कीव आली. मग बोलले. कूस बदलता येत नाही, कणीक मळताना डोळ्यांत पाणी येतं, सगळं सांगितलं. बाई मध्येच थांबवून पुन्हा विचारत होत्या. माझं बोलणं इतकं मन लावून कुणी कधी ऐकलं होतं, आठवेना.

गाडीत बसल्याबरोबर हे म्हणाले, "डॉक्टरसमोर माही इज्जत घालवली. काय गरज होती एवढं बोलायची?"

"दुखणं माह्यं हाये," मी म्हणाले, "त मीच सांगीन ना."

त्यानंतर कितीतरी दिवस हे मुकाट्यानं जेवून उठायचे. एरवी असा अबोला धरला की मी माफी मागून मोकळी व्हायचे. या वेळी नाही मागितली. भीती वाटत होती, पण माफी मागावी असं मी काही केलंच नव्हतं. पुढच्या तपासणीला एसटीनं एकटी गेले.

हे फार बदललेत असं नाही. परवा नणंदेचा फोन आला. तिनं माझी तब्येत विचारली तर हेच सांगायला लागले. मी हात पुढे केला.

"द्या इकडं."

यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "घे, बोल," म्हणाले आणि फोन दिला. मी पलंगावर मांडी घालून बसले आणि नणंदेशी पोटभर बोलले.