चंदेरी थराखाली

कल्पिताने गाडीतल्या टेपचा आवाज आठवर नेला आणि अँपवरचा लाल दिवा लागला. वूफर एकदा धडकला आणि गप्प झाला.

मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले होते. दुपारी साडेतीनला हरेश्वरशेठ येणार होते.

शेठचं चोंढी नाक्यावर गाड्या सजवायचं दुकान होतं. सीट कव्हर, हॉर्न, टेप, स्पीकर. कल्पिता तिथे दोन वर्षं काउंटरवर बसत होती. आयटीआयला तिने वायरमनचा कोर्स केला होता, पण दुकानात तिच्या हाती पक्कड कुणी दिली नाही. बिलबुक दिलं. मागच्या शेडमध्ये अल्पेश फिटिंग करायचा. मधे काच होती. त्या काचेतून ती दोन वर्षं बघत आली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून बाद सामानातले स्पीकर मीटर लावून तपासत आली होती.

गेल्या महिन्यात शेडमधला दुसरा फिटर काम सोडून उरणला गेला. कल्पिताने त्याच दिवशी शेठना विचारलं.

शेठ हसले नाहीत. म्हणाले, "एक गाडी एकटीने करून दाखव. अँप, वूफर, सगळं. मंगळवारी मी माल आणायला मुंबईला जातो. साडेचारची बोट असते मांडव्याहून. जाताना किहीमला तुझ्याकडे थांबेन. दहा मिनिटं. नीट वाजलं तर शेडमध्ये ये. नाही वाजलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"शेठ, दहा मिनिटं कशाला?" अल्पेश शेडमधून म्हणाला. "दोन मिनिटांत धूर निघेल."

गाडी वडिलांची होती. दत्तात्रेय मांडवा जेट्टीवरून पाहुण्यांना किहीमच्या कॉटेजांवर सोडायचे. बारा वर्षांची पांढरी वॅगनआर. मंगळवारी जेट्टी रिकामीच असते, म्हणून त्यांनी सोमवारी संध्याकाळी चावी दिली. देताना एकच गोष्ट सांगितली.

"बाय, भोक पाडू नको कुठं."

तिने भोक पाडलं नाही. बॅटरीपासून लाल वायर डाव्या दरवाजाच्या कडेने मागे आणली. दुकानातल्या बाद सामानातून आणलेला अँप, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, मागच्या सीटच्या पाठीला बसवला. मागचे दोन स्पीकर आणि डिकीतला वूफर त्याला जोडले. करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जातो, त्यासाठी अर्थिंगची काळी वायर डिकीत जॅकच्या खाचेजवळ जुना बोल्ट होता, त्याला घट्ट केली. आधी बोल्टभोवतीचा काळा रंग पॉलिश पेपरने घासला. खाली चकचकीत दिसेपर्यंत घासला. अल्पेश तसंच करायचा.

सगळं बरोबर होतं. तरी लाल दिवा लागत होता. आणि गाडी सुरू केली की मागच्या स्पीकरांतून बारीक शीळ यायची. ॲक्सिलरेटर दाबला की ती शीळ वर चढायची.

आई, मैना, ओटीवर वाल सोलत होती. ती म्हणाली, "डास शिरला काय गं त्यात?"

"आई, गप."

"मी गपच हाय. तोच बोलतो."

शिळेचं एक कारण तिला माहीत होतं. गाण्याची वायर करंटच्या वायरीला चिकटून गेली की असं होतं. तिने डावीकडच्या पट्ट्या उचकटल्या, गाण्याची वायर काढली आणि उजव्या बाजूने पुन्हा टाकली. त्यात दीड तास गेला. एक नख मोडलं. गाडी सुरू केली.

शीळ तशीच.

तिने वूफरची वायर सोडली. लाल दिवा लागेना. म्हणजे वूफर खराब? वूफरला मीटर लावला. साडेतीन ओहम दाखवलं. कॉइल ठीक होती. वायर बोटांनी टोकापासून टोकापर्यंत चाचपली. कुठे सोललेली नाही, कुठे दाबलेली नाही. पुन्हा जोडली. हळू आवाजात वाजला. आवाज चढवला, ठोका आला, लाल दिवा.

बाराला अल्पेशचा फोन आला.

"मॅडम, काय हाल?"

"चाललंय."

"लाल बत्ती?"

तिने अँपकडे बघितलं. दिवा लालच होता.

"अँप गेला तो. शनिवारीच बोललो, बाद माल नेऊ नको. खोक्यात भर आणि उद्या काउंटरवर ये. तुझी खुर्ची पुसून ठेवतो."

"शनिवारी तो टेबलावर तासभर वाजला. तूच नाचत होतास."

"तेव्हा गेला नसेल. तू लावल्यावर गेला."

तिने फोन ठेवला. रागारागाने ती मोरीवर गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग परत येऊन डिकीसमोर मांडी घालून बसली.

टेबलावर चालतो आणि गाडीत चालत नाही. अँप तोच, वूफर तोच. मग वेगळं काय आहे? वाट वेगळी आहे. करंट येतो ती, नाहीतर परत जातो ती.

तिने मीटरची दोन टोकं अँपला जिथे करंट येतो त्या दोन खिळ्यांना लावली. साडेबारा व्होल्ट. गाणं लावलं, आवाज चढवला. ठोक्याबरोबर आकडा नऊवर कोसळला आणि लाल दिवा लागला. सकाळपासून पहिल्यांदा तिला काहीतरी दिसलं होतं.

दोन वाजत आले होते. आईने ताट आणून बॉनेटवर ठेवलं. कल्पिताने ताटाकडे बघितलंसुद्धा नाही. ओटीवर वायरचं एक भेंडोळं पडलं होतं, गणपतीच्या दिव्यांचं. तिने ते सोडवलं, एक टोक बॅटरीच्या काळ्या खिळ्याला बांधलं आणि दुसरं मागपर्यंत ओढत आणलं. आता मीटरचं काळं टोक अँपला नाही, या वायरीला. पुन्हा गाणं. पुन्हा ठोका.

आकडा बारावर राहिला. दिवा लाल झाला, पण आकडा कोसळला नाही.

म्हणजे करंट मागपर्यंत नीट येत होता. परत जाताना अडत होता. अर्थिंगला.

"पण मी घासलंय," ती मोठ्याने म्हणाली.

तिने पान्याने बोल्ट सैल केला, वायर बाजूला सारली. खालची जागा आरशासारखी चमकत होती. तिने मीटर आवाजावर ठेवला. एक टोक बॅटरीच्या वायरीला, दुसरं त्या चकचकीत जागेवर. दोन्ही टोकं लोखंडाला लागली तर मीटर ओरडायला हवा होता.

मीटर गप्प.

तिने टोक दाबून धरलं. जागा बदलली. गप्प. मग बोल्टच्या आट्यांना टेकवलं, तेव्हा तो अडखळत ओरडला. म्हणजे सगळा अँप त्या दोन गंजक्या आट्यांवर चालला होता. शीळही तिथूनच येत होती.

"बाबा!"

दत्तात्रेय माडाखाली खाटेवर पडले होते. उठून आले.

"बाबा, डिकीत कुठला रंग मारलाय?"

"होडीचा."

गाडी चालवायला लागण्याआधी दत्तात्रेय अकरा वर्षं रेवसला होड्या रंगवायचे. ही गाडी जुनी घेतली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी सीटा आणि मॅट बाहेर काढल्या आणि तळ रंगवला. दरसाल पावसाआधी ते तो तपासायचे. गावात बाकीच्यांच्या गाड्यांची पाच वर्षांत खालून चाळणी व्हायची. यांच्या गाडीला एक डाग नव्हता.

"किती हात?"

"तीन. पहिला शेंदरी, मग चंदेरी, वरून काला." आणि अभिमानाने म्हणाले, "खारं वारं नखाएवढं शिरायचं न्हाय."

कल्पिता त्या चकचकीत जागेकडे बघत राहिली. काळा थर निघाला होता. चंदेरी राहिला होता. चंदेरी रंगालाच ती काल संध्याकाळपासून लोखंड समजत होती.

"बाबा, अजून खरवडायला लागेल. पार लोखंडापर्यंत."

दत्तात्रेयांचा चेहरा उतरला. "लोखंड उघडं टाकशील? दोन पावसांत भोक पडंल. मंग हिला जेट्टीवर कोन उभी करील?"

"रुपयाएवढंच. बोल्ट बसला की कडेने तुम्ही रंग लावा. तिन्ही हात लावा."

"वाजलं न्हाय तर?"

"वाजेल."

"सकालपासून हेच बोलतंस."

"सकाळी मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

दत्तात्रेय पडवीत गेले आणि कानस घेऊन आले. तिच्या हातात दिली.

"चंदेरी चमकतो," ते म्हणाले. "त्याच्याखाली शेंदरी येल. त्याच्याखाली करडं. चमकंल तवर थांबू नको."

ती घासू लागली. चंदेरी गेला. शेंदरी भुकटी तिच्या मांडीवर पडली. मग खालून लोखंड आलं. दिसायला अगदीच साधं, पाटीच्या रंगाचं. तिने मीटर टेकवला. मीटर इतक्या जोरात ओरडला की मैना ओटीवरून उठून बघायला आली.

बोल्टचे आटे घासले, नवा वायसर घातला, पाना अंगाचा जोर लावून ओढला. साडेतीनला पाच मिनिटं होती. दत्तात्रेय पडवीतून डबे घेऊन आले आणि बोल्टच्या कडेने ब्रश फिरवू लागले. शेंदरी वाळायला वेळ नव्हता. ते पुटपुटले, "आता काला मारून ठेवतो, उद्या पुना करीन."

आणि अल्पेशची मोटरसायकल आवारात शिरली. मागे शेठ, मांडीवर पिशवी.

"दहा मिनिटं," शेठ म्हणाले.

अल्पेशने विचारलंसुद्धा नाही. सीटवर बसला, गाडी सुरू केली, गाणं लावलं आणि आवाज थेट वीसवर नेला.

ठोका पडला. दुसरा पडला. डिकीची काच थरथरली. स्वयंपाकघरात फळीवरची झाकणं एका सुरात वाजू लागली. मैनाने कानांवर हात ठेवले. दिवा हिरवा होता. अल्पेशने ॲक्सिलरेटर दाबला, आवाज कमी करून कान लावला. शीळ नव्हती. पुन्हा दाबला. नव्हती.

शेठ मागे गेले. मोबाइलचा उजेड पाडून एकेक वायर बघत गेले. शेवटी बोल्टला हात लावला आणि बोट बघितलं. बोट काळं झालं होतं.

अल्पेश हसला. "शेठ, रंगावर अर्थिंग मारलंय! घ्या."

"खाली लोखंड आहे," कल्पिता म्हणाली. "रंग कडेने आहे, वरून." तिने मीटर शेठच्या हातात दिला. "तुम्ही लावा. अल्पेश, वाजव."

शेठनी लावला. गाणं सुरू झालं. ते आकड्याकडे बघत राहिले. तेरा पॉइंट सहा. ठोका. तेरा पॉइंट चार. ठोका. तेरा पॉइंट चार.

"बंद कर," ते म्हणाले. मग विचारलं, "रंग कशाला?"

"उघडं ठेवलं तर खाऱ्या वाऱ्याने गंजेल. गंजलं की पुन्हा लाल दिवा लागेल. आज नाही लागला तरी पावसानंतर लागेल."

शेठ अल्पेशकडे वळले. "पावसानंतर आपल्याकडे किती गाड्या परत येतात रे?"

अल्पेश गाडीची चावी बोटावर फिरवत होता. ती फिरायची थांबली.

"येतात," तो म्हणाला.

"उद्या नऊला थळचा माणूस गाडी घेऊन येईल. अर्थिंग ही मारेल. सगळीच गाडी ही करेल." शेठनी पिशवी खांद्याला लावली. "उद्याचा दिवस बिलं तू काढ."

"मी? शेठ, मला ते जमत नाही."

"खुर्ची पुसून ठेवलेय ना?" कल्पिता म्हणाली.

दत्तात्रेय रॉकेलचा बोळा घेऊन पुढे आले. "शेठ, बोट पुसा. होडीचा रंग हाय, पानी लावून जायचा न्हाय." शेठनी बोट पुसलं, तरी नखात काळं राहिलंच. मोटरसायकल मांडव्याच्या रस्त्याला लागली.

कल्पिताने बॉनेटवरचं ताट उचललं. भात गार झाला होता. दोन घास खाल्ले आणि तशीच उठून डिकीकडे गेली. वाकून बोल्टपाशी बोट नेलं.

"हात लावू नको," दत्तात्रेय खाटेवरून ओरडले. "वला हाय अजून."