जवळ्याचा दोष

सासूबाई आमच्याकडे बेटेगावला राहायला आल्या त्या मनाविरुद्ध. दांडीला त्यांचं स्वतःचं घर होतं, दारासमोर बोंबील वाळवायच्या दोऱ्या होत्या, आणि सासरे गेल्यावरही त्या तिथे एकट्या नीट राहत होत्या. मग अंगणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर माझ्या नवऱ्याने त्यांना काही विचारलं नाही, गाडीत बसवून थेट इकडे आणलं. तो स्वतः वापीला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी येणार, सोमवारी पहाटे जाणार. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच.

मी बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. आलेल्या मालाचे नमुने तपासायचे, चांगला की वाईट ते लिहायचं, खाली सही करायची. घरी आल्यावर स्वयंपाक, त्यांचं औषध, त्यांना धरून चार फेऱ्या मारणं. बोलणं असं नव्हतंच आमच्यात. मी विचारायची, "आई, दुखतंय का?" त्या म्हणायच्या, "नाय." पाच महिने असे गेले.

एका रविवारी बोईसरच्या बाजारातून रिक्षाने परत येताना त्यांनी एकदम रिक्षा थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला एक माणूस खोक्यात बदकांची पिल्लं घेऊन बसला होता. पिवळी, मुठीएवढी. त्या बघत राहिल्या. "आमच्याकडं असायची बदकं," त्या म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तवा सासूनं पयलं कायतरी दिलं असेल तर दोन बदकं." इतकं लांबलचक वाक्य त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या असतील. मी सात पिल्लं घेतली. विकणारा म्हणाला, "पानी में मत छोड़ना अभी." मी मान हलवली आणि विसरले.

पहिली चूक त्याच संध्याकाळी झाली. मागच्या अंगणात नळाखाली टब भरला आणि सातही पिल्लं त्यात सोडली. बदकच ती, पाण्यात खूश होणार. झालीही. पाचेक मिनिटांनी एकाने मान टाकली. पिसं चिंब, अंगाला चिकटलेली, अंग थरथरतंय. सासूबाई वॉकर धरून बाहेर आल्या, त्यांनी पिल्लू माझ्या हातातून घेतलं, पदरात गुंडाळलं आणि पोटाशी धरून बसल्या. "आईच्या आंगाचं तेल लागतंय त्यांच्या पिसांना," त्या म्हणाल्या. "ह्यांना आई कुठं हाय? मग पानी आत शिरतं, थंडी भरते." तासाभराने पिल्लाने डोळे उघडले. ते वाचलं.

त्यानंतर पिल्लांचा ताबा त्यांच्याकडे गेला. खोक्यावर मी दिवा टांगून दिला. तो किती उंच ठेवायचा हे त्या पिल्लांकडे बघून ठरवायच्या. दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली की थंडी वाजतेय, दिवा खाली घ्यायचा. लांब कोपऱ्यात जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली की तापलीत, वर घ्यायचा. सुकं खाणं पाण्याशिवाय द्यायचं नाही, घशात अडकतं. पाण्याचं भांडं असं हवं की चोच नि डोळे बुडतील पण अंग बुडणार नाही. मी आधी उथळ ताटली ठेवत होते, तर दोन पिल्लांचे डोळे चिकटले. त्यांनी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कापसाने ते डोळे पुसले, दिवसातून तीनदा, आणि मला खोलगट वाडगा आणायला लावला. चौथ्या दिवशी डोळे स्वच्छ.

एक पिल्लू मात्र चालेना. गुडघ्यावर बसल्यासारखं बसायचं, उठायला गेलं की बाजूला कलंडायचं. ह्यावर त्यांच्याकडे उपाय नव्हता. मी सुट्टी टाकून ते पालघरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पाय चाचपले आणि पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?"

"कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य."

"कोंबडीला पुरतं ते बदकाला पुरत नाही. एक जीवनसत्त्व कमी पडतं, मग पाय जातात." त्यांनी पाण्यात घालायचं बी-कॉम्प्लेक्सचं औषध लिहून दिलं. घरात सुकी मासळी असते का, असंही विचारलं. बिनमिठाचा जवळा भाजून, कुटून थोडा खाद्यात मिसळा, म्हणाल्या.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा बदलला. हसल्या नाहीत, पण त्याच दिवशी दुपारी त्यांनी माझ्या नणंदेला फोन करून दांडीहून जवळा मागवला. तव्यावर भाजायच्या, पाट्यावर कुटायच्या, आणि तळहातावर घेऊन एकेका पिल्लाला भरवायच्या. दहा-बारा दिवसांत ते पिल्लू उभं राहिलं. वाकडं चालायचं, पण चालायचं. सगळी पिल्लं त्यांना बघून धावत यायची, वॉकरच्या चार पायांमधून फिरायची. संध्याकाळी मी आले की दिवसभराची हकीकत मला मिळायची: कुणी किती खाल्लं, कुणी कुणाला ढकललं. मधेच दांडीची एखादी गोष्ट निघायची. सासऱ्यांची होडी दोन दिवस परतली नव्हती ती. मासळी डोक्यावर घेऊन पालघरपर्यंत जायच्या ती. त्या मला "गो" म्हणायला लागल्या होत्या. मी घाईघाईने घरी यायला लागले होते.

आषाढात सलग आठवडाभर पाऊस लागला. पुन्हा पुन्हा जायला नको म्हणून खाद्याचं मोठं पोतं मी आधीच आणून ठेवलं होतं, मागच्या दाराजवळ, भिंतीला टेकून, फरशीवर. एका सकाळी पोत्यात हात घातला तर तळाशी गोळा लागला. ओला नव्हता, पण चिकटलेला. फोडला तर आत हिरवट राखाडी, आणि कुबट वास. मी तो नाकाशी धरला. मला तो वास कळला, हे मला आजही नीट आठवतं. कारखान्याची बस पाच मिनिटांत येणार होती. मी गोळा फेकून दिला आणि वरचं सुटं खाद्य चांगलं दिसतंय असं म्हणून त्यातलंच भांड्यात ओतलं. संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशीही.

पाचव्या दिवशी पिल्लं खाईनाशी झाली. पंख पाडून बसायची, चालताना झोकांड्या द्यायची. पायांवर जांभळे डाग आले. मी औषधाचे थेंब वाढवले. सहाव्या दिवशी सकाळी एकाने मान पाठीमागे धनुष्यासारखी वळवली, पाय झाडले आणि गेलं. दुपारपर्यंत आणखी दोन गेली. सासूबाई खोक्याजवळच्या पाटावर बसून होत्या. पावसाने अंगणात पाणी साचलं होतं.

"माज्या जवल्यानं झालं," त्या म्हणाल्या.

"असं कसं म्हणता आई?"

"ह्या हवेनं बिघडला आसंल. मला वास कळला नाय. नाक गेलंय माजं आता."

मी मेलेलं एक पिल्लू पिशवीत बर्फ घालून घेतलं आणि पालघर गाठलं. डॉक्टरांनी ते उघडलं. यकृत सुजलेलं, फिकट, त्यावर रक्ताचे ठिपके. त्यांनी वर बघितलं. "खाद्य कुठं ठेवता?"

मी सांगितलं. गोळ्याचंही सांगितलं.

"बुरशीचं विष आहे हे. बदकाची पिल्लं याला फार लवकर बळी पडतात. गोळा काढून भागत नाही, विष सगळ्या खाद्यात असतं." त्या रागावल्या नव्हत्या, नेहमीच्या आवाजात सांगत होत्या. "यावर थेट औषध नाही. ते खाद्य बंद करा, ताजं द्या, जीवनसत्त्वं चालू ठेवा. जगतील ती जगतील."

"जवळ्यामुळे नाही ना?"

"जवळा कसा होता?"

"चांगला. कोरडा. काचेच्या बरणीत."

"मग नाही."

परत येताना सगळा रस्ता मी वाक्यं जुळवत होते. घरी पोचले तेव्हा जवळ्याची बरणी धुऊन पालथी घातलेली होती. जवळा त्यांनी कचऱ्यात टाकला होता, पाटा धुतला होता. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "काय बोलली डॉक्टरीण?"

"पोटात काहीतरी वाईट गेलं म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. त्यांना वाटत होतं तेच उत्तर मिळालं होतं. मी ते खोटं बोललेही नव्हते, आणि तेवढ्यावर मी थांबले. त्या आत गेल्यावर पोतं उचललं आणि लांबच्या कचराकुंडीत टाकून आले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पिल्लं गेली. उरली दोन.

त्या दोघांना सासूबाईंनी पुन्हा हात लावला नाही. मी कामाला जाताना खाणं-पाणी ठेवून जायची, त्या दिवसभर पुढच्या खोलीत बसून राहायच्या. पिल्लं मागच्या दाराशी येऊन ओरडायची, त्या उठायच्या नाहीत. शेजारीण आली की स्वतःच सांगायच्या, "माज्या हातनं मेली." नणंदेला फोनवर सांगितलं. शनिवारी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे आई, पिल्लंच ती," आणि जेवायला बसला. मी वाढत होते. जवळ्याची चटणी त्यांना फार आवडायची, तीही त्यांनी सोडली. वास आला तरी तोंड फिरवायच्या.

कारखान्यात त्या दिवसांत मी एका नमुन्यावर तीनदा चाचणी केली आणि तरी मला सही करवेना. बरोबरचे म्हणाले, काय झालंय तुम्हाला. मी म्हटलं, झोप नाही.

अकरा दिवस मी गप्प राहिले. बाराव्या दिवशी संध्याकाळी त्या शेजारणीच्या नातवंडाला घ्यायला नको म्हणाल्या. शेजारीण सहज बाळ पुढे करत होती, तर ह्यांनी हात मागे घेतले. "नको, माजा हात चांगला नाय." शेजारीण गेल्यावर मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. पोतं, गोळा, वास, बस, डॉक्टर. जवळा चांगला होता, हेही.

त्यांनी विचारलं, "तुला कदी कळलं हे?"

"त्याच दिवशी. पालघरला."

"आन मी जवला टाकला तो बगितलास तू."

"हो."

"पिल्लं मरतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पन मरायची. त्याचं काय नाय." मी माफी मागितली. त्यांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही, वॉकर ओढून घेतला.

गणपती झाल्यावर त्या दांडीला परत गेल्या. नणंदेचं घर शेजारीच आहे, ती बघेल, पाय आता बरा आहे, असं मुलाला सांगितलं. कारण एवढंच दिलं. मी काय केलं ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. ते मीच नंतर सांगितलं, तर तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी घर सोडतं का. उरलेली दोन बदकं त्या घेऊन गेल्या. जाताना टोपली मी उचलून गाडीत ठेवली.

महिन्यातून एकदा मी दांडीला जाते. त्या चहा करतात, कामाचं विचारतात, निघताना वाळलेली मासळी बांधून देतात. कशात काही कमी नसतं. दांडीची गोष्ट मात्र पुन्हा कधी निघाली नाही.

मागच्या खेपेला त्यांच्या शेजारची एक बाई पदरात बदकाचं पिल्लू घेऊन आली. दोन दिवस पाय टाकत नाही म्हणाली. सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला दाखव. हिला कळतं त्यातलं."

त्यांच्या आवाजात टोमणा होता का, मी शोधत राहिले. मला तो सापडला नाही, आणि त्याने मला बरंही वाटलं नाही. मी पिल्लाचे पाय चाचपले, खाणं काय देता, कुठं ठेवता, ते विचारलं. बाईने डब्यातलं मूठभर खाद्य आणून दाखवलं. मी ते नाकाशी नेलं तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या. खाद्य चांगलं होतं. मी बाईला औषधाचं नाव कागदावर लिहून दिलं, किती थेंब ते दोनदा सांगितलं, आणि मग कपबशा विसळायला घेतल्या.