तिसऱ्या नळीतले दोघे

तिसऱ्या नळीतला जीवाणू मी घाईत वेगळा केला होता. तो शुद्ध आहे का, म्हणजे नळीत तो एकटाच आहे का, हे पुन्हा तपासायला हवं होतं; तपासलं नाही. त्याच्यावर माझा शोधनिबंध छापून आला आणि पुढे तीच नळी मी रेखाला दिली.

रेखा पाचोड गावची. विद्यापीठात माझ्या हाताखाली पीएच.डी. करायची. जीवाणू वाढवायची उबदार पेटी, इन्क्युबेटर, उघडण्याआधी ती दारावर बोटाने टकटक करी. कुणी हसलं की म्हणे, "हसा. घरात लेकरंबाळं हायेत, सांगून जावं लागतंय."

तलावातल्या दगडावरून पाय घसरतो, तो बुळबुळीत थर म्हणजे जीवाणूंची वस्तीच. असे पाच जीवाणू पाच नळ्यांत वेगवेगळे वाढवायचे, काचपट्टीवर एकत्र नांदवायचे आणि कोण कुणामुळे टिकतो ते पाहायचं, हे तिचं काम. पण थर दर वेळी निराळा यायचा. कधी दाट साय, कधी नुसता डाग. असं काम कुणी मान्य करत नाही.

एकदा ती म्हणाली, "सर, तिसऱ्या नळीत एकटं कुणी नाय. दोघं राहतेत. एक लई लाजाळू हाय, उशिरा दिसतंय."

सगळ्या मुलांसमोर मी म्हणालो, "आधी स्वतःचे हात स्वच्छ ठेव."

तिच्या आजीने हे वाक्य गावच्या पाणवठ्यावर जातीवरून ऐकलं असेल, हे मला बोलून झाल्यावर सुचलं. त्या दिवसापासून रेखा कोपरापर्यंत हात धुऊ लागली.

त्याच संध्याकाळी ती घरी गेल्यावर मी नळी तपासली. दोघे होते. खरं सांगितलं तर माझा छापलेला निबंध मागे घ्यावा लागणार होता. मी गप्प बसलो आणि ती तेच प्रयोग पुन्हा पुन्हा करत राहिली. मार्गदर्शक बदलायचा तर सही माझीच लागे. छावणी भागातल्या तिच्या भाड्याच्या खोलीवर, कधी संपणार म्हणून विचारणारे आईचे फोन येत. "सोडलं तर गावात काय सांगू, सर? राहिलं तर तुम्हाला काय दाखवू?" असं रेखा मला हसत विचारायची.

गेल्या उन्हाळ्यात ती नोंदणी रद्द करायचा अर्ज घेऊन आली. "माझ्या हातातच कायतरी हाय, सर." तक्रार नव्हती, तिला ते पटलं होतं.

मी सगळ्या मुलांना आत बोलावलं. "तिसरी नळी मीच अशुद्ध दिली होती. रेखाने सांगितलं त्याच दिवशी मला कळलं होतं."

रेखाने अर्जाची घडी घातली.

"अन् तुमचा पेपर?"

"परत घेतोय. आजच कळवतो."

"तवाच का नाय सांगितलं?"

"भ्यालो," मी म्हणालो. "आणि तुझ्या हातांबद्दल जे बोललो, ते कुणालाच बोलू नये. मला माफ कर."