बुजवलेला कवडसा

जे आज लिहितो आहे ते मी वीस वर्षं टाळलं. कोणी विचारलं नाही म्हणून नव्हे, तर कोणी विचारू नये अशीच काळजी घेत राहिलो म्हणून. दीड महिन्यापूर्वी पांढुर्ण्याहून मधुकरच्या मुलीचा, रश्मीचा, फोन आला. "काका, बाबा गेले." मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी त्याच्या वाचनाबद्दल बोललो, साधेपणाबद्दल बोललो. लोकांना ते आवडलं. सांगायचं होतं ते मात्र तसंच राहिलं...

मधुकर आणि मी मोहगावच्या शाळेत एका बाकावर बसलो. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकला आणि नोकरी लागली ती सौंसरजवळच्या एका जिनिंगमध्ये, रेच्यांना, म्हणजे कापसातली रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांना, तेल घालायची. मी तिथेच सुपरवायझर. त्याची बायको सुमन इतर बायांबरोबर खाली बसून कापसातला कचरा वेचायची. शेडच्या पूर्वेच्या पत्र्याला एक भोक होतं. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उन्हाची तिरीप आत यायची आणि तिच्यात रुईची धूळ नाचताना दिसायची. एकदा मधुकरने मला तिथे ओढून नेलं. "पाह्य बे दिगू. याले वैशेषिक दर्शनवाले त्रसरेणू म्हणत. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, अशा तीन द्व्यणुकांचा हा एक कण. डोळ्याले दिसणारं सगळ्यात लहान हेच. त्याच्या खालचं दिसत नाही, अनुमानानं समजून घ्या लागते." परमाणू कायमचा असतो, असं ते म्हणत. आमच्या जुन्या बौद्ध पंडितांनी मात्र त्यांच्याशी वाद घातला, की तोही क्षणभरच असतो... हे सगळं तो तेलाचा डबा हातात धरून सांगत होता. खालून सुमन म्हणाली, "यायचे अणू-रेणू चालू झाले. तिकडे रेचा बोंबलून राहिला तेलासाठी!" बाया हसल्या. हसता हसता सुमनला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

मी त्याला विचारलं होतं, या जुन्या गोष्टींचा आपल्याला काय उपयोग? तो म्हणाला, "मोठं काहीच एकदम येत नाही गड्या. भांडण घे, आजार घे. बारीक बारीक जमत जाते. अन् बारीक असते तवर कोणी त्याले हाये म्हणत नाही." त्याच हंगामात त्याने फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे अर्ज केला. शेडमध्ये धूळ ओढणारे पंखे बसवा आणि बायांना तोंडावर बांधायला चांगलं काहीतरी द्या, एवढीच मागणी होती. शेवटी त्याने लिहिलं होतं, 'कृपया सकाळी नऊ वाजता यावे.' नऊ का, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मालक मला एवढंच म्हणाले, "पाहून घ्या." पुढचं डोकं माझं. इन्स्पेक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी शिडी लावून मी ते भोक डांबराने बुजवलं. सकाळी जमिनीवर पाणी शिंपडायला लावलं आणि अर्धे रेचे बंद ठेवले. साहेब नऊला आले. मधुकर त्यांना त्या जागी घेऊन गेला आणि वर पाहत राहिला. तिरीप नव्हती. अंधूक उजेडात हवा अगदी स्वच्छ वाटत होती. "साहेब, दिसत नाही म्हणजे नाही, असं नसते," तो म्हणाला. साहेब हसले, "भैया, हम तो जो दिखता है वही लिखते हैं." मग त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, धुळीचा त्रास नाही. सुमन तेव्हा तिथेच बसली होती. तिने मान वर केली नाही.

पंखे बसले नाहीत. सुमन आणखी चार हंगाम त्या शेडमध्ये बसली. शेवटी तिला आडवं झोपताच येत नव्हतं, भिंतीला उशा लावून बसवावं लागे. ती गेली तेव्हा खांदेकऱ्यांत मीही होतो. मधुकरने मला दूर केलं नाही. बोरगावच्या बाजाराला आला की माझ्याकडे चहाला यायचा, वैशेषिकांबद्दल मात्र पुन्हा कधी बोलला नाही.

पुढे त्याचीही छाती भरली. रश्मीकडे राहायला गेला तेव्हा नाकात नळी होती. मी ठरवून गेलो. रश्मी चहा ठेवून आत गेली. तो म्हणाला, "बोल." मी म्हणालो, "यंदा संत्र्याचा आंबिया बहार चांगला आहे." तो हसला, दमला, श्वास जागेवर येईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "दिगू, मले अनुमानानं समजलं हाये. तवाच समजलं. पण अनुमान ते अनुमानच ना? एकदा तुह्या तोंडून आयकाचं होतं." मी घड्याळ पाहिलं. "रविवारी येतो, निवांत बोलू." तो म्हणाला, "ये." रश्मीचा फोन आला तो त्याच गुरुवारी.

दोनच वाक्यं होती. त्या दिवशी त्याला भेटायला जाताना सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये मनात घोकत गेलो होतो: ते भोक मी बुजवलं. मला माफ कर. परतीच्या बसमध्येही तीच घोकत आलो.